डोसानंतर मांडी सुजलीय: काय लावायचं, किती औषध द्यायचं, कधी न्यायचं?

कराडची_मावशी | बुधवार, सकाळी ९:१०

भाचा साडेतीन महिन्यांचा आहे, वजन ५ किलो ८०० ग्रॅम. काल सकाळी अकराला उपकेंद्रात डोस झाला. दोन्ही मांड्यांत एकेक, उजव्या दंडावर एक आणि तोंडातून थेंब. रात्री काखेत ताप १००.६ होता. आज डावी मांडी सुजलीय, हात लावला की कळवळतो, पाय उचलत नाही. उजवी ठीक दिसते. दूध पितोय, पण थोडं थोडं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आजी म्हणतात आंबेहळद उगाळून लावा, शेजारच्या काकू गूळ-चुन्याचा लेप सांगतात, कुणी तव्यावर फडकं गरम करून शेका म्हणतंय, कुणी बर्फ. कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत आणि दोन्हींवर आकडे वेगळे. जाणत्यांनी नेमकं सांगा: जागेवर काय करायचं, औषध किती, आणि कशावरून ओळखायचं की आता दवाखान्यात न्यायलाच हवं?

सिस्टर_कोरेगाव | बुधवार, सकाळी ९:४५

ताई, आधी कुठल्या मांडीत काय दिलंय ते समजून घ्या, निम्मा घोर तिथंच कमी होईल.

साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट देतात, उजव्या मांडीत पीसीव्ही, म्हणजे न्यूमोनियाची लस. उजव्या दंडावर पोलिओचं छोटं इंजेक्शन कातडीतच देतात, ते फक्त ०.१ मि.ली. असतं. तोंडातून पोलिओचे दोन थेंब आणि रोटा, म्हणजे जुलाबाची लस. पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच लसी एकत्र असतात. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूंपासून केलेला असतो आणि लसीत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. तो लस त्या जागी धरून ठेवतो आणि शरीराच्या लढणाऱ्या पेशींना तिकडे बोलावून घेतो. म्हणून सूज, लाली, दुखणं हे सगळं डाव्या मांडीला जास्त. तुमच्या भाच्याचं अगदी तसंच दिसतंय.

हे साधारण पहिल्या २४ तासांत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. ताप एक-दोन दिवस.

आता जागेवर काय करायचं. जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा मऊ सुती तुकडा घ्या, चार पदरी घडी घाला, तळहाताएवढी. माठातल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, पाणी गळता कामा नये. सुजलेल्या जागेवर नुसती ठेवा, दाबू नका, बांधू नका. पाच ते दहा मिनिटांनी काढून कातडी टिपून कोरडी करा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बाळ काकडायला लागलं तर लगेच थांबा. बर्फ थेट कातडीवर नको, एवढ्या लहान बाळाची कातडी बर्फानं पोळते.

आणि एक काम आत्ताच करा. साध्या बॉलपेननं सुजेच्या कडेकडेनं बारीक रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा. सूज वाढली की कमी झाली यावर घरात दहा जणांची दहा मतं होतात, रेघ मात्र फसवत नाही.

माणदेशी_आजी | बुधवार, सकाळी १०:२०

सिस्टर, हळदीला एवढं काय वाईट? आमच्याकडं मुका मार, मुरगळा, सगळ्याला आंबेहळद आणि रक्तचंदनच लावतात. सांगलीची हळद तर जगात जाते. लेकराला गुण येतोच की.

सिस्टर_कोरेगाव | बुधवार, सकाळी १०:३५

आजी, मुका मार आणि इंजेक्शन यात एक मोठा फरक आहे. मुक्या मारात कातडी अखंड असते. इथं सुईनं केलेलं भोक असतं, दिसत नाही एवढं बारीक, पण आत स्नायूपर्यंत गेलेलं. सहाणेवर उगाळलेला लेप, त्यातलं पाणी, लावणारं बोट, यातलं काहीच निर्जंतुक नसतं. तिथून जंतू आत गेले तर साध्या सुजेचा पू होतो. दुसरं म्हणजे हळदीनं कातडी पिवळी-केशरी होते, मग लाली वाढली का ते आम्हाला दिसतच नाही. हळदीचा मान स्वयंपाकात आहेच, फक्त या जागेवर नको.

चुना तर अजिबात नको. गूळ-चुना कालवला की गरम होतो, मोठ्या माणसाच्या पाठीला चालून जातो, बाळाच्या मांडीला फोड येतो.

औषधवाला_मिरज | बुधवार, सकाळी ११:०५

औषधाचं मी सांगतो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ याच बाटल्यांचा होतो.

पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, वयावर नाही. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळेला. ५.८ किलोच्या बाळाला ५८ ते ८७ मि.ग्रॅ. आता बाटली उजेडात धरा आणि नावाच्या खालची बारीक ओळ वाचा. तिथं तीनपैकी काहीतरी लिहिलेलं असेल.

"प्रत्येक ५ मि.ली. मध्ये १२५ मि.ग्रॅ." (काहींत १२० असतं): या बाळाला २.५ ते ३ मि.ली.

"प्रत्येक ५ मि.ली. मध्ये २५० मि.ग्रॅ.": याच बाळाला १.२५ ते १.५ मि.ली., म्हणजे बरोबर निम्मं.

"प्रत्येक १ मि.ली. मध्ये १०० मि.ग्रॅ.", ही ड्रॉपची छोटी बाटली: फक्त ०.६ ते ०.८ मि.ली.

घात कुठं होतो? कुणीतरी सांगितलेलं असतं "तीन मि.ली. द्या". ते १२५ वाल्या बाटलीसाठी बरोबर असतं. घरात २५० वाली निघते, दुप्पट औषध जातं. ड्रॉपच्या बाटलीतून तीन मि.ली. दिलं तर एका घोटात ३०० मि.ग्रॅ., म्हणजे या बाळाच्या जवळजवळ दिवसभराच्या कमाल औषधाएवढं. असे दोन-तीन डोस गेले तर थेट लिव्हरवर येतं. म्हणून फोनवर कुणी "इतके मि.ली." म्हटलं की आधी विचारा, "कुठल्या बाटलीतून?"

घरातल्या चमच्यानं मोजू नका. चहाचा एक चमचा तीन मि.ली.चा, दुसरा सातचा. बिनसुईची २ मि.ली.ची सिरिंज दुकानात मिळते, तिच्यावर ०.१ च्या रेघा असतात. बाटली सस्पेन्शन (न विरघळलेलं, गढूळ औषध) असेल तर आधी हलवा, औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस घट्ट जातात. बाळाला थोडं उभं धरून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात पिचकारी मारू नका.

दोन डोसांत सहा तास ठेवले की हिशेब चुकत नाही. २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. किती वाजता किती दिलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे आईनं दिलेलं आजी परत देणार नाही.

पलूस_११ | बुधवार, सकाळी ११:२०

उपकेंद्रातून गोळी मिळाली असेल तर? बऱ्याच ठिकाणी "पाव गोळी कुस्करून दुधातून द्या" असंच चालतं.

औषधवाला_मिरज | बुधवार, सकाळी ११:३२

५०० ची पाव गोळी म्हणजे १२५ मि.ग्रॅ. दहा किलोच्या, म्हणजे साधारण वर्षाच्या बाळाला ती योग्य आहे. सहा किलोच्या बाळाला जास्त होते आणि साडेचार किलोच्याला तर फारच. शिवाय गोळीचे हातानं चार सारखे भाग होत नाहीत. शक्य असेल तर मोजून देता येणारी बाटलीच घ्या. गोळीशिवाय पर्याय नसेल तर वजन सांगून सिस्टरांकडून भाग ठरवून घ्या.

आणि बाटलीवर औषधाचं नाव एकच असलं पाहिजे. "पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन", "पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक" अशा जोडीच्या बाटल्या घराघरांत असतात. सहा महिन्यांच्या आत त्या नकोत. सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिलं की डोस दुप्पट होतो. अॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइड तर २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंद आहे, जुनी बाटली कपाटात सापडली तर टाकून द्या.

वाईचा_बाबा | बुधवार, दुपारी १२:१०

म्हणजे डोसाला जायच्या आधीच अर्धा तास औषध पाजलं की ताप यायचाच नाही. सोपं नाही का ते?

बालरोग_सांगली | बुधवार, दुपारी १:२५

सोपं वाटतं, पण तसं करू नका. २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चेक प्रजासत्ताकातल्या ४५९ बाळांवरचा अभ्यास आला. लस दिल्यापासून २४ तास ठरावीक अंतरानं पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण बऱ्याच लसींची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली द्रव्यं, त्यांच्यात कमी तयार झाली. संरक्षण गेलं असं नाही, बहुतेकांना पुरेसंच मिळालं. पण ज्यासाठी सुई टोचून घेतली तेच कमी का करायचं? म्हणून ताप आला किंवा बाळ दुखण्यानं खरंच बेजार झालं तरच द्या, आधीपासून नको.

९९.५ ला औषधाची घाई नको. बाळ खेळतंय, पितंय तर कपडे कमी करा, दूध जास्त वेळा पाजा. १००.४ च्या वर गेलं किंवा कमी असूनही रडून झोपत नसेल तर द्या. मावशींच्या भाच्याला आज दुखण्यासाठी एक डोस द्यायला हरकत नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. दीड आणि अडीच महिन्यांच्या डोसाची बाळं तीन महिन्यांच्या आतली असतात. त्यांना औषध डॉक्टर किंवा सिस्टरना विचारून, वजन सांगूनच द्या. या वयात ताप १००.४ च्या वर गेला तर "डोसाचाच असेल" असं घरी ठरवू नका. बाळ मलूल आहे, नीट ओढत नाही असं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. लसीचा ताप आणि जंतुसंसर्गाचा ताप एवढ्या लहान बाळात वरून सारखेच दिसतात.

जतची_आशा | बुधवार, दुपारी २:००

आमच्या भागात ताप आला की लेकराला दुपट्यात गुंडाळतात, वर कानटोपी, वर गोधडी. मे महिन्यात सुद्धा! त्यानं अंगातली उष्णता आतच कोंडते आणि ताप चढतो. एक पातळ झबलं पुरे. अंग पुसायचं तर कोमट पाण्यानं, गार पाण्यानं नाही. गार पाण्यानं हुडहुडी भरते आणि ताप आणखी वर जातो.

आणि लंगोट किंवा डायपरची इलॅस्टिक बरोबर टोचलेल्या जागेवर काचते. एक-दोन दिवस सैल बांधा. लेकरू कडेवर घेताना मांडी आपल्या कमरेवर दाबली जाते, म्हणून आडवं किंवा खांद्यावर घ्या. झोळीत पाय मुडपून मांडीवर ताण येतो, तेवढे दोन दिवस सतरंजीवर मोकळं झोपवा. पाय मोकळा राहिला की लेकरू आपोआप हलवतं, आणि हलवलं की दुखणं लवकर उतरतं.

विटा_मळा | बुधवार, दुपारी २:४०

डोस दिल्यावर लगेच ती जागा चोळायची असते ना? लस पसरते म्हणतात.

सिस्टर_कोरेगाव | बुधवार, दुपारी ३:१५

नाही. सुई काढल्यावर कोरड्या कापसानं अर्धा मिनिट नुसतं टेकवून धरायचं. चोळलं तर लस स्नायूतून वर चरबीत आणि कातडीखाली सरकते. तिथं तिची आग जास्त होते, गाठही जास्त दिवस राहते. घरी गेल्यावर तेल लावून मालीश हा त्याचाच प्रकार. अंघोळ त्याच दिवशी घालायला हरकत नाही. मालीश बाकी अंगाला करा, मांडीची ती जागा आठवडाभर सोडा.

ही लस खोल स्नायूतच जायला हवी. म्हणून सुई एक इंच लांबीची आणि मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, सरळ ९० अंशात. पुष्कळ लोक म्हणतात "एवढीशी मांडी, एवढी मोठी सुई? कुल्ल्यावर द्या की". कुल्ल्यावर चरबी जास्त आणि पायाला जाणारी मोठी नस तिथून जाते, म्हणून बाळाला तिथं कधीच देत नाहीत. आईनं बाळाला मांडीवर घेऊन गुडघा हलक्या हातानं धरला आणि पाय झटकला गेला नाही, तर सूज कमी येते. टोचताना अंगावर पाजत राहिलं तर रडणंही लवकर थांबतं. पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास दूध पाजू नये असं कुठंही नाही, लगेच पाजा.

वाईचा_बाबा | बुधवार, दुपारी ४:०५

खासगी दवाखान्यात "पेनलेस" मिळते, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ती घेतली तर हा प्रश्नच येणार नाही ना?

बालरोग_सांगली | बुधवार, रात्री ८:५०

सुई तेवढीच टोचते, "पेनलेस" हे बाजारातलं नाव आहे. फरक डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी पेंटात अख्खे मारलेले जंतू असतात, पेनलेसमध्ये त्यांचे निवडक तुकडे. म्हणून ताप आणि सूज कमी येते, हे खरं. पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण अख्ख्या जंतूंच्या लसीनं जास्त टिकतं, आणि सुरुवातीच्या तीन डोसांना ते महत्त्वाचं. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला तर खोकता खोकता श्वास थांबतो, त्यापुढे दोन दिवसांची सुजलेली मांडी काहीच नाही. आधीच्या डोसाला झटका किंवा तसं काही मोठं झालं असेल तर तुकड्यांच्या लसीचा विचार डॉक्टर करतात. फक्त सूज येते म्हणून पैसे घालवण्याची गरज नाही.

कारखाना_साइट | बुधवार, रात्री ९:३०

ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, लसीकरणाचं सत्र झाल्यावर वेगळीच अडचण असते, तेवढं लिहितो. आई दुसऱ्या दिवशी पहाटे फडात जाते, लेकरू मोठ्या भावंडाकडं. त्या आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या हातात औषधाची बाटली देऊ नका. सकाळी निघताना ताप मोजून डोस आईनंच द्यावा, दुपारी लेकराला पाजायला आली की परत बघावं. कोपीत फ्रीज नसतो, पण मातीच्या घागरीतलं पाणी पट्टीला चांगलं. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पट्टी लावू नका, दुपारी लावा.

आणि लसीकरणाचं कार्ड गावाकडं ठेवून येऊ नका. पुढचा डोस कुठल्या कारखान्यावर असेल ते आधी ठरत नाही. कार्ड नसेल तरी यू-विनवर (सरकारची लसीकरणाची ऑनलाइन नोंद) मोबाइल नंबरावरून नोंद सापडते, म्हणून प्रत्येक डोसाला तोच नंबर द्या.

शिराळा_गाव | बुधवार, रात्री १०:००

विषय थोडा बदलतो. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात त्या बीसीजीला, म्हणजे क्षयाच्या लसीला, आता महिन्यानंतर फोड आलाय, पांढरट पाणी येतंय. त्यालाही पट्टी ठेवायची का?

सिस्टर_कोरेगाव | बुधवार, रात्री १०:२५

नाही, बीसीजीचं गणित उलटं आहे. तिथं काहीच करायचं नाही. दोन ते सहा आठवड्यांनी बारीक गाठ येते, ती फुटून छोटी जखम होते, आपोआप भरून व्रण राहतो. म्हणजे लस नीट लागली. पावडर, मलम, हळद, डेटॉल, पट्टी, दाबून पू काढणं, सगळं बंद. अंघोळीनंतर टिपून कोरडं ठेवा, सैल बाह्यांचं झबलं घाला. डाव्या काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ आली आणि ती वाढतेय, मऊ पडतेय किंवा फुटतेय असं दिसलं, तर मात्र दाखवा.

फलटणची_आई | गुरुवार, सकाळी ७:५०

दीड वर्षाच्या बूस्टरनंतर पोरगी लंगडतेय. पाय टेकवतच नाही. मांडी गरम आहे, अर्धी मांडी सुजलीय. काल दुपारी डोस झाला.

बालरोग_सांगली | गुरुवार, सकाळी ८:१५

बूस्टरला सूज पहिल्या तीन डोसांपेक्षा मोठी येऊ शकते. शरीरानं लस आधी तीनदा ओळखलेली असते, म्हणून प्रतिसाद जोरात येतो. कधी कधी गुडघ्यापर्यंत जाते. डोसानंतर एक-दोन दिवसांत सुरू झालेली, पसरलेली पण फार न दुखणारी, मुलगी खेळतेय, खातेय, तर ती बहुधा लसीचीच. चारेक दिवसांत उतरते. गार पट्टी, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि चालायची जबरदस्ती नाही. बसून खेळू द्या, मग आपणच टेकवेल.

यात आणि जंतुसंसर्गात फरक कसा करायचा ते लक्षात ठेवा, मावशींनीही विचारलंय. लसीची सूज लवकर येते आणि दोन दिवसांनी ओसरायला लागते. संसर्गाची सूज उशिरा जोर धरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढते, कातडी चकचकीत आणि ताणलेली, हात लावला की किंचाळी, ताप परत चढतो, लाल रेघा वर जायला लागतात किंवा मधे मऊ पडून पू दिसतो. यातलं काहीही दिसलं की पट्टी-बिट्टी सोडून त्याच दिवशी दवाखाना. सिस्टरनी सांगितलेली पेनाची रेघ इथंच कामाला येते: ४८ तासांनंतर लाली रेघेच्या बाहेर गेली तर वाट बघू नका.

कराडची_मावशी | गुरुवार, सकाळी ८:४०

तीच रेघ काल ओढली. रात्री बाळ सलग वीस मिनिटं रडलं, मग पाजल्यावर झोपलं. किती रडणं म्हणजे जास्त?

सिस्टर_कोरेगाव | गुरुवार, सकाळी ९:०५

वीस मिनिटं रडून पाजल्यावर झोपलं म्हणजे दुखण्याचं रडणं आहे. तीन तासांच्या वर सलग, काही केल्या न थांबणारं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं, तीक्ष्ण किंचाळल्यासारखं रडणं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

ताबडतोब न्यायच्या गोष्टी वेगळ्याच, त्यात रात्र-दिवस बघायचा नाही: बाळ एकदम लुळं पडलं, पांढरं-निळं झालं, हाक मारून प्रतिसाद नाही, झटका आला, श्वासाला घरघर, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. १०८ ला फोन करा. लसीची तीव्र अॅलर्जी बहुतेक पहिल्या काही मिनिटांत दिसते, म्हणूनच अर्धा तास थांबवून ठेवतात आणि सत्राच्या ठिकाणी अॅड्रेनालिन, म्हणजे अशा अॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, ठेवलेलं असतं. गडबडीत "आम्ही निघतो" म्हणू नका, तो अर्धा तास बाळासाठीच आहे.

आणि दूध पिणं बंद झालं, सहा-आठ तास लघवी नाही, ताप १०२ च्या वर किंवा दोन दिवसांनंतरही चालू, तर त्याच दिवशी दाखवा. रात्री विचारायचं असेल तर १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो.

माणदेशी_आजी | गुरुवार, सकाळी १०:१५

बरं बाई, हळद नको. पण सूज गेल्यावर आत हरभऱ्याएवढी गाठ राहते त्याचं काय? ती तर शेकूनच मोडायची ना?

सिस्टर_कोरेगाव | गुरुवार, सकाळी १०:४०

आजी, तीही आपोआप विरते. तो त्या अॅल्युमिनियमच्या क्षाराभोवतीचा घट्टपणा. कधी आठवड्यात जातो, कधी दीड-दोन महिने राहतो. न दुखणारी, लाल नसलेली, हळूहळू लहान होणारी गाठ म्हणजे काळजी नाही. शेकायला तव्यावरचं फडकं नकोच. मोठ्याच्या हाताला कोमट लागलेलं फडकं बाळाला चटका देतं आणि ते सांगू शकत नाही. गाठ वाढली, दुखायला लागली, मऊ पडली तर दाखवा, सुईनं फोडू नका.

अशा मोठ्या गाठींचं एक कारण सांगते. पेंटा गोठली की ती खराब होते, त्यातला क्षार गुठळ्या धरतो. म्हणून ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, बर्फाला थेट चिकटू देत नाहीत, आणि गोठल्याचा संशय आला तर बाटली हलवून बाजूला ठेवून बघतात. साका भराभर तळाशी बसला तर टाकून देतात. म्हणूनच सूज मोठी असेल, पू झाला असेल, तर आशाताईंना किंवा आम्हाला कळवा. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. एकाच बाटलीतल्या दोन-तीन बाळांना तसं झालं असेल तर ते कळवण्यामुळेच सापडतं.

पलूस_११ | गुरुवार, दुपारी १२:३०

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलालाही असंच का?

जतची_आशा | गुरुवार, दुपारी १:१०

तिथं वेगळं. ती उजव्या दंडावर कातडीखाली देतात, सूज फार येत नाही. पण सात ते बारा दिवसांनी ताप आणि अंगावर बारीक लाल पुरळ येऊ शकतं. तोवर लोक डोस विसरलेले असतात, "गोवर उठला" म्हणून घाबरतात. दोन दिवसांत मावळतं. नऊ महिन्यांना पीसीव्हीचा बूस्टर मांडीत असतोच, त्याची मांडी दुखते ती वेगळी.

कराडची_मावशी | शुक्रवार, सकाळी ९:००

आज तिसरा दिवस. काखेत ९८.२. लाली रेघेच्या आत बोटभर आलीय, दाबल्यावर आत बोराएवढं घट्ट लागतं. काल दुपारपासून पाय झाडतोय. औषध एकूण दोनदाच लागलं, १२५ वाल्या बाटलीतून ३ मि.ली.; २५० वाली कपाटातून काढून ठेवली आणि वरच्या बाजूला मार्करनं मोठ्या अक्षरात "२५०" लिहिलं.

शेवटचं विचारते. एवढी सूज आली म्हणजे दीड वर्षाचा बूस्टर टाळायचा का? घरात तेच बोलणं चाललंय.

बालरोग_सांगली | शुक्रवार, सकाळी ९:४०

टाळायचा नाही. सूज, लाली, गाठ, साधा ताप, यातल्या कशानंही पुढचा डोस थांबत नाही. थांबवायचं कारण म्हणजे आधीच्या डोसानंतर तीव्र अॅलर्जी, किंवा सात दिवसांत मेंदूवर परिणाम होऊन बाळ बेशुद्धीत गेलेलं असणं. तीन दिवसांत झटका आला, किंवा दोन दिवसांत लुळं पडलं, १०५ ताप चढला किंवा तीन तास रडत राहिलं असेल तर डॉक्टर आधी तपासतात, मग ठरवतात. तुमच्या भाच्याचं यातलं काहीही नाही.

पुढचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कार्डावर "साडेतीन महिने, डावी मांडी सूज, ३ दिवस" एवढं सिस्टरकडून लिहून घ्या, म्हणजे बूस्टरला जाल तेव्हा तिथल्या सिस्टरना सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

सिस्टर_कोरेगाव | शुक्रवार, सकाळी ९:५५

आणि रेघ साबणानं घासून काढू नका, रोजच्या अंघोळीत दोन-तीन दिवसांत जाते.